तळ्यावरील संकटग्रस्त बेडकांचे आणि त्यांच्या अधिवासाचे सर्वेक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न तळ्यावर पहिल्यांदाच सर्वेक्षणासाठी जाणारे विद्यार्थी, स्वयंसेवक, वनकर्मचारी आणि जमीनमालक पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरे साचलेल्या पाण्याची लहान आणि मध्यम आकाराची तळी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. वाहत्या ओढ्यात किंवा झाडाच्या ढोलीतील पाण्यात वाढणाऱ्या जातींसाठी वेगळी पद्धत वापरावी लागते.

सर्वेक्षण सुरू करण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

‘बेडूक मोजायचे आहेत’ एवढ्याच तयारीवर काम सुरू केले, तर हंगाम संपताना वहीत आकडे पुष्कळ असतात, पण त्यांतून कोणत्याच प्रश्नाचे उत्तर निघत नाही. एखाद्या तळ्याविषयी मुख्यतः तीन गोष्टी विचारता येतात. ती जात इथे आहे का, असली तर साधारण किती संख्येने आहे, आणि इथे तिची वीण तडीस जाते का, म्हणजे अंड्यांतून निघालेल्या टॅडपोलपैकी काही तरी शेपूट गळून जमिनीवर येईपर्यंत जगतात का. पहिल्या प्रश्नासाठी आवाज ऐकणे आणि रात्री शोध घेणे बहुधा पुरते, दुसऱ्यासाठी ओळख पटलेल्या बेडकांची पुनर्भेट नोंदवावी लागते आणि तिसऱ्यासाठी थेट पिल्ले बाहेर पडण्याच्या काळापर्यंत तळ्यावर येत राहावे लागते.

या तिन्हींत तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, असे माझे मत आहे. दरवर्षी नरांचा गजर ऐकू येणारे तळे निरोगी वाटते. परंतु त्यात सोडलेले मासे सगळी अंडी फस्त करत असतील किंवा पिल्ले तयार होण्याआधीच पाणी आटत असेल, तर तिथे फक्त जुनी पिढी म्हातारी होत असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यांकनात आठ हजारांहून अधिक उभयचर जाती तपासल्या गेल्या आणि त्यांतील सुमारे ४१ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. अधिवासाचा नाश हे त्यामागचे सर्वांत सर्वदूर कारण आहे, म्हणूनच बेडकांची आणि त्यांच्या जागेची नोंद एकाच वेळी, एकाच वहीत व्हायला हवी.

बेडूक दिसला नाही, म्हणजे तो तिथे नाही, असे धरावे का?

धरू नये. इस्राएलमधील हुला सरोवर आणि त्याभोवतीची दलदल १९५० च्या दशकात उपसून कोरडी करण्यात आली. तिथला हुला ठिपकेदार बेडूक त्यानंतर दिसेनासा झाला आणि १९९६ मध्ये तो नामशेष घोषित झाला. असे घोषित झालेला तो पहिला उभयचर होय. २०११ मध्ये मात्र तो त्याच परिसरात पुन्हा सापडला. इतक्या टोकाचे उदाहरण बाजूला ठेवले, तरी साध्या तळ्यावरही हाच प्रकार लहान प्रमाणात रोज घडत असतो. बेडूक गवताच्या बुडख्यात शिरलेला असतो, वारा जास्त असतो, नर त्या रात्री गप्प असतात किंवा पाहणाऱ्याची नजर अजून तयार झालेली नसते.

यासाठी ‘आढळण्याची शक्यता’ ही कल्पना नीट समजून घ्यावी. समजा, एखादी जात तळ्यात आहे आणि एका फेरीत ती आढळण्याची शक्यता ४० टक्के आहे. तर एका फेरीत ती हुकण्याची शक्यता ६० टक्के, सलग तीन फेऱ्यांत हुकण्याची सुमारे २२ टक्के, पाच फेऱ्यांत सुमारे ८ टक्के आणि सहा फेऱ्यांत ५ टक्क्यांच्या थोडी खाली येते. म्हणजे एका रिकाम्या रात्रीवरून ‘बेडूक नाही’ असा अहवाल देणारा माणूस अशा दहा तळ्यांपैकी सहा तळ्यांबाबत चुकेल, आणि त्या अहवालाच्या आधारे तळे बुजवले गेले, तर ती चूक दुरुस्त करण्याची संधी पुन्हा मिळणार नाही. म्हणून अहवालात ‘अनुपस्थित’ हा शब्द टाळून ‘इतक्या फेऱ्यांत, इतके तास शोधूनही आढळला नाही’ असे लिहावे.

याच कारणाने शून्याची नोंद बेडकाच्या नोंदीइतकीच काळजीपूर्वक करायची असते. किती माणसांनी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काठाचा कोणता भाग, कोणत्या हवामानात शोधला, हे सारे त्या शून्यासोबत असले पाहिजे. शोधाचे प्रमाण न लिहिलेला आकडा, मग तो शून्य असो वा पन्नास, पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

किती फेऱ्या कराव्यात आणि कोणत्या काळात?

याचे उत्तर जातीच्या विणीच्या सवयीवर अवलंबून आहे. काही जाती पहिल्या जोरदार पावसानंतर थोड्याच रात्रींत सगळी वीण उरकून तळे सोडून जातात. त्यांच्यासाठी ठरलेल्या तारखांचे वेळापत्रक निरुपयोगी ठरते आणि पावसाचा अंदाज पाहून आयत्या वेळी निघण्याची तयारी ठेवावी लागते. दुसऱ्या जाती कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने साद घालत राहतात. त्यांच्यासाठी पंधरवड्याच्या अंतराने केलेल्या फेऱ्या चालतात. अपेक्षित जात कोणत्या गटातील आहे, हे ठाऊक नसेल, तर हंगामाच्या आरंभी फेऱ्या दाट ठेवाव्यात आणि नंतर विरळ कराव्यात.

एकाच तळ्यावर प्रौढांसाठी एक, टॅडपोलसाठी एक आणि नुकत्याच जमिनीवर आलेल्या पिल्लांसाठी एक, असे फेऱ्यांचे तीन संच आखणे उत्तम. रात्रीच्या फेऱ्यांसाठी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करून मध्यरात्रीपर्यंतचा वेळ बहुतेक जातींना मानवतो. उबदार, दमट, वारा नसलेली रात्र निवडावी. रिमझिम पाऊस चालतो, पण धो-धो पावसात आवाजही ऐकू येत नाहीत आणि पाण्याच्या पृष्ठभागाखालचे काही दिसतही नाही.

रात्रीची फेरी प्रत्यक्षात कशी करतात?

तळ्यापासून काही अंतरावरच दिवे मंद करावेत आणि बोलणे थांबवावे. काठाजवळ पोहोचल्यावर लगेच शोधाशोध न करता पाच मिनिटे स्तब्ध उभे राहावे, कारण पावलांच्या कंपनाने गप्प झालेले नर तेवढ्या वेळात पुन्हा साद घालू लागतात. त्यानंतर आणखी पाच मिनिटे केवळ ऐकण्यासाठी द्यावीत आणि त्याच वेळी नोंदी कराव्यात.

मग डोळ्यांच्या शोधाला सुरुवात होते. विजेरी छातीपाशी धरली तर फारसे काही दिसत नाही. ती डोळ्यांच्या रेषेत, कपाळाला किंवा गालाला लागून धरली, की बेडकाच्या डोळ्यांतून परतलेला प्रकाश थेट आपल्या नजरेत येतो आणि गवतातही दोन चमकते ठिपके उठून दिसतात. कोळ्यांचे डोळेही चमकतात, पण ती चमक बहुधा बारीक, टोकदार आणि हिऱ्याच्या कणासारखी असते. बेडकाची चमक मोठी, काहीशी मंद आणि पाण्याच्या रेषेला लागून असते. चमक दिसली, की प्रकाश तिच्यावर रोखून ठेवत सावकाश पुढे सरकावे, दीड-दोन मीटरवर थांबावे आणि मगच विजेरी किंचित वर-खाली करून पाठीवरच्या घड्या, कानाचा पडदा आणि बोटांची टोके पाहावीत. पुष्कळशा जाती याच तीन खुणांवरून वेगळ्या करता येतात.

काठाने चालताना एकच दिशा ठरवावी आणि मागे फिरू नये, नाही तर एकच बेडूक दोनदा मोजला जातो. दोघे असल्यास एकाने पाण्याकडची बाजू आणि दुसऱ्याने जमिनीकडची बाजू पाहावी. तिसरा माणूस नोंदीसाठी असला तर काम दुप्पट सोपे होते, कारण ओल्या हातांनी वही सांभाळताना अर्धे लक्ष बेडकावरून उडते. दिसलेल्या प्रत्येक बेडकासाठी जात, नर-मादी किंवा पिल्लू, नेमकी जागा (पाण्यात, काठावरच्या चिखलात, पानावर, दगडाखाली) आणि तो काय करत होता, एवढे लिहावे. ओळख पक्की नसेल, तर ‘अनोळखी’ असेच लिहावे. अंदाजाने लिहिलेले नाव पुढे कोणीच पुसत नाही.

आवाजावरून संख्या कळते का?

अंदाज कळतो, नेमकी संख्या कळत नाही. रूढ पद्धतीत तीन श्रेणी असतात. आवाज सुटे सुटे असतील आणि प्रत्येक नर मोजता येत असेल, तर श्रेणी १. आवाज एकमेकांवर येत असले तरी वेगळे ओळखता येत असतील, तर श्रेणी २. आणि सलग, अखंड गजर असून एकही आवाज सुटा करता येत नसेल, तर श्रेणी ३. श्रेणी ३ मध्ये तीस नर असू शकतात किंवा तीनशे, त्यामुळे तिचे आकड्यात रूपांतर करण्याचा मोह टाळावा.

शिवाय साद बहुतांशी नरच घालतात, म्हणून माद्या आणि पिल्ले या मोजणीत येतच नाहीत. काही जातींची साद इतकी हलकी असते, की ती काठावर ऐकू येत नाही, आणि आफ्रिकी नखीबेडकासारख्या जाती पाण्याखालीच साद घालतात. आपोआप ध्वनिमुद्रण करणारे यंत्र महिनाभर काठावर बांधून ठेवले, तर आयत्या वेळी येणाऱ्या, मोजक्याच रात्री बोलणाऱ्या जाती सापडतात. मात्र यंत्राच्या घड्याळाची वेळ लावण्यापूर्वी तपासून घ्यावी आणि संगणकाने ओळखलेल्या सादींपैकी काही तरी माणसाने स्वतः ऐकून पडताळाव्यात. मुद्रित आवाज वाजवून नरांना बोलते करण्याची युक्ती काही जातींसाठी वापरली जाते. ती वापरायचीच असेल, तर प्रत्येक फेरीत सारख्याच प्रमाणात आणि थोडीच वापरावी, कारण खोट्या प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्यात खऱ्या नराचा वेळ आणि शक्ती खर्च होते.

अंडी आणि टॅडपोल यांची मोजणी उपयोगी आहे का?

फार उपयोगी आहे. ज्या जातींची मादी हंगामात एकच पुंजका घालते, तिथे पुंजक्यांची संख्या ही वीण केलेल्या माद्यांच्या संख्येच्या बरीच जवळ जाते. युरोपातील सामान्य तपकिरी बेडकाची गणना अशीच केली जाते. पण पुष्कळ वृक्षबेडूक अंडी लहान लहान गटांत विखुरतात, भेकांच्या, म्हणजे खडबडीत कातडीच्या बेडकांच्या, अंड्यांच्या लांब माळा वनस्पतींना गुंडाळलेल्या असतात आणि काही जाती पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतात. त्यामुळे ‘पुंजके मोजा’ ही सूचना सरसकट देता येत नाही. पुंजका पाण्याबाहेर काढू नये. तो कोणत्या खोलीवर आहे, कशाला चिकटला आहे, त्यातील किती अंडी पांढरी पडली आहेत किंवा बुरशीने धरली आहेत, हे जागेवरच पाहून लिहावे.

टॅडपोलसाठी बारीक छिद्रांचे हातजाळे वापरतात. ठरावीक अंतरावर, ठरावीक लांबीचा एक झटका मारून जाळे पाण्याबाहेर न ओढता काठाशी टेकवावे आणि मिळालेली पिल्ले तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या उथळ ट्रेमध्ये घ्यावीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर शेपटीच्या पडद्यावरचे ठिपके आणि डोळ्यांची जागा स्पष्ट दिसते. वाढीचा टप्पा सांगण्यासाठी १९६० मध्ये गॉसनर यांनी तयार केलेली ४६ टप्प्यांची मोजपट्टी आजही वापरली जाते. प्रत्यक्ष जागेवर एवढे बारकावे नको असतील, तर ‘पाय नाहीत’, ‘मागचे पाय आले’, ‘पुढचे पाय आले’ आणि ‘शेपूट गळत आहे’ असे चार गट पुरतात. भिंगातून तोंड पाहता आले तर जरूर पाहावे. निरोगी टॅडपोलच्या चोचीची कडा आणि दातांच्या बारीक रांगा काळ्या दिसतात. त्या फिकट किंवा गायब असतील, तर कायट्रिड या बेडकांना मारणाऱ्या बुरशीची शंका घेण्यास जागा आहे, जरी थंडीसारखी इतर कारणेही असू शकतात.

बेडूक हातात धरणे आवश्यक आहे का?

बहुतेक वेळा नाही. पाठीचे, बाजूचे आणि शक्य असल्यास पायांचे छायाचित्र ओळख पटवायला पुरते. संकटग्रस्त जातीला हात लावण्यासाठी अनेक देशांत कायद्याने परवानगी घ्यावी लागते, आणि ती केवळ औपचारिकता नसते, कारण परवान्याच्या अटींतच हाताळणीची पद्धत ठरवून दिलेली असते.

धरणे अटळ असेल, तर हातांना कीटकरोधक, उन्हापासून संरक्षण देणारे मलम किंवा साबणाचा अंश लागलेला नसावा, कारण बेडकाची कातडी पाणी आणि त्यात विरघळलेली द्रव्ये थेट शोषून घेते. प्रत्येक बेडकासाठी नवा हातमोजा वापरावा. प्रौढ बेडकांसाठी चालणारे रबरी हातमोजे टॅडपोलना मारक ठरल्याची उदाहरणे आहेत. म्हणून टॅडपोलसाठी पावडर नसलेले व्हिनाइलचे मोजे आधी पाण्याने खळखळून धुऊन घ्यावेत किंवा हात न लावता जाळ्यातून आणि ट्रेमधूनच काम भागवावे. बेडकाला मागच्या दोन्ही मांड्यांपाशी हलकेच धरावे, पोटावर दाब देऊ नये आणि मोजमाप झाल्यावर तो जिथे सापडला तिथेच सोडावा.

एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना निर्जंतुकीकरण खरेच इतके महत्त्वाचे आहे का?

होय, आणि या पानावरचे एकच उत्तर पाळायचे असेल, तर हे पाळावे. कायट्रिड बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते, क्षारांची देवाणघेवाण बिघडवते आणि अखेर हृदय बंद पडून बेडूक मरतो. १९९८-९९ मध्ये तिची ओळख पटली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार या रोगामुळे किमान ५०१ उभयचर जातींची घट झाली असून त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. तिची चल बीजे पाण्यात पोहतात. ओला गमबूट, चिखल लागलेले जाळे किंवा पाण्याने भरलेली बादली यांतून ती सहज दुसरीकडे पोहोचतात. बेडकांचे रक्षण करायला निघालेल्या माणसाच्याच बुटांवरून रोग जाण्याची ही शक्यता मनाला लागते, पण ती नाकारण्यात अर्थ नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम ब्रशने चिखल, शेवाळ आणि पानांचे तुकडे पूर्णपणे काढून टाकावेत, कारण सेंद्रिय गाळ शिल्लक राहिला तर जंतुनाशक त्यावरच खर्ची पडते आणि जंतू सुटतात. मग बूट, जाळे, ट्रे, मोजपट्टी आणि काठीसुद्धा जंतुनाशकात बुडवावी; १ टक्का व्हिरकॉनचे द्रावण किमान एक मिनिट, हा व्यवहारात सोयीचा पर्याय आहे. त्यानंतर स्वच्छ पाण्याने धुऊन सर्व साहित्य उन्हात पूर्ण वाळवावे. कोरडेपणा आणि उष्णता ही बुरशी सहन करू शकत नाही, पण उभयचरांना मारणारा दुसरा रोगजंतू, रॅनाविषाणू, अधिक चिवट असतो, त्यामुळे केवळ वाळवण्यावर विसंबू नये. हे सारे तळ्यापासून दूर, सांडलेले द्रावण पाण्यात जाणार नाही अशा जागी करावे. एकाच दिवशी अनेक तळी पाहायची असतील, तर प्रत्येक तळ्यासाठी साहित्याचा वेगळा संच ठेवणे सर्वांत सोपे, आणि रोगाची शंका असलेले तळे यादीत सर्वांत शेवटी ठेवावे.

अधिवासाच्या नोंदीत काय काय असावे?

सर्वप्रथम पाणी किती काळ टिकते ते पाहावे. दर काही आठवड्यांनी एकाच खुणेच्या काठीवर पाण्याची पातळी वाचावी आणि तळे कधी भरले, कधी आटले याच्या तारखा लिहाव्यात. ही एकच माहिती तळ्याचे स्वरूप बरेचसे सांगून जाते. वर्षभर भरलेल्या तळ्यात मासे आणि मोठे भक्षक टिकतात; लवकर आटणाऱ्या तळ्यात ते नसतात, पण टॅडपोलना वाढीसाठी घाई करावी लागते. कित्येक दुर्मीळ जाती नेमक्या या मधल्या, ठरावीक काळ टिकणाऱ्या पाण्यावरच अवलंबून असतात. त्यामुळे तळे खोल करून ‘सुधारणे’ हा पुष्कळदा त्यांच्या मुळावर येणारा उद्योग ठरतो.

मासे आहेत का, हे स्वतंत्रपणे शोधावे. डासांच्या नियंत्रणासाठी जगभर सोडला गेलेला गॅम्बुसिया मासा अंडी आणि लहान टॅडपोल खातो, आणि तो इतका छोटा असतो, की काठावरून सहज नजरेतून सुटतो. त्यानंतर पाण्यातील वनस्पतींचे प्रमाण, काठाचा उतार, सावली, तळाचा गाळ, गुरांच्या खुरांचे ठसे, शेतातून किंवा रस्त्यावरून येणारे पाणी आणि तरंगणारा तेलकट तवंग यांची नोंद घ्यावी. हलक्या उताराचा, उथळ आणि गवताळ काठ लवकर तापतो आणि पिल्लांना बाहेर पडायला सोपा असतो. सिमेंटने बांधलेला उभा काठ मात्र प्रौढांसाठीही सापळा ठरतो.

पाण्याचे तापमान, आम्लता, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू आणि गढूळपणा ही मोजमापे उपयोगी आहेत, पण ती कोणत्या वेळी घेतली हे लिहिले नाही, तर त्यांचा काहीच उपयोग होत नाही. वनस्पतींनी भरलेल्या तळ्यात दुपारी प्राणवायू भरपूर असतो आणि पहाटे तोच तळाला गेलेला असतो. दरवेळी एकाच ठिकाणी, एकाच खोलीवर आणि शक्यतो एकाच वेळी वाचन घ्यावे. शेवटी, ठरलेल्या चार-पाच ठिकाणांहून प्रत्येक फेरीत छायाचित्र काढावे. काही वर्षांनी काठावरचा बदल दाखवायला याहून बोलका पुरावा दुसरा नाही.

तळ्याच्या काठापासून किती अंतरापर्यंत पाहावे?

बेडकांचे आयुष्य पाण्यात कमी आणि जमिनीवर जास्त जाते, हे अनेकदा विसरले जाते. उभयचरांच्या जमिनीवरील वापराचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो, की त्यांचे मुख्य क्षेत्र काठापासून सरासरी १५९ ते २९० मीटरपर्यंत पसरलेले असते. तळ्याभोवती दहा-वीस मीटरचा हिरवा पट्टा राखून पलीकडे सपाटीकरण केले, तर कागदावर तळे वाचते आणि बेडूक जातात. म्हणून किमान ३०० मीटरच्या परिघात झाडी, पालापाचोळा, पडलेली लाकडे, दगडांचे ढीग, ओलसर खळगे, कुंपणे आणि रस्ते नकाशावर उतरवावेत. विणीच्या काळात रस्त्यावर चिरडलेले बेडूक दिसले, तर त्यांचीही जागा आणि वेळ नोंदवावी, कारण ते कोणत्या दिशेने तळ्याकडे येतात हे त्यावरून कळते.

उलट बाजूही लक्षात असावी. ऑस्ट्रेलियातील हिरवा-सोनेरी बेडूक २००० च्या ऑलिम्पिकच्या जागेवर, विटांसाठी माती काढून टाकलेल्या एका जुन्या खाणीत आढळला आणि तिथे होणारे टेनिस केंद्र त्यापायी दुसरीकडे हलवण्यात आले. दिसायला ओसाड असलेली जागा सर्वेक्षणाच्या यादीतून आधीच वगळू नये, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते.

एकूण संख्येचा अंदाज कसा काढतात?

सर्वांत साधी रीत अशी : पहिल्या फेरीत ४० बेडकांची ओळख नोंदवली, काही दिवसांनी दुसऱ्या फेरीत ३० आढळले आणि त्यांतले १२ आधीचेच निघाले. ४० ला ३० ने गुणून १२ ने भागले, की १०० हा अंदाज येतो. लहान संख्यांसाठी सुधारलेले सूत्र वापरले तर तो सुमारे ९७ येतो. या हिशेबात गृहीत असे, की दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात बेडूक आले-गेले नाहीत आणि सर्वांची सापडण्याची शक्यता सारखी होती. विणीच्या तळ्यावर ही दोन्ही गृहीतके बहुधा डळमळीत असतात. नर अनेक रात्री थांबतात, माद्या अंडी घालून लगेच निघून जातात. म्हणून नर आणि माद्यांचा हिशेब वेगळा करावा आणि दोनऐवजी अधिक फेऱ्या कराव्यात. ओळखीसाठी बोट कापण्याची जुनी पद्धत संकटग्रस्त जातींच्या बाबतीत टाळावी. पोटावरची किंवा पाठीवरची नक्षी ज्यांची वेगवेगळी असते, त्या जातींमध्ये छायाचित्र हीच खूण ठरते.

पाण्याच्या नमुन्यातील डीएनएवरून बेडूक ओळखता येतो, मग रात्रीच्या फेऱ्या कशाला?

२००८ मध्ये फ्रान्समधील तळ्यांच्या पाण्यातून अमेरिकी बुलफ्रॉगचा डीएनए ओळखून या पद्धतीचा पाया घातला गेला, आणि विरळ, लपून राहणाऱ्या जातींसाठी ती खरोखरच प्रभावी आहे. परंतु त्या नमुन्यातून बेडूक किती आहेत, प्रौढ आहेत की टॅडपोल, निरोगी आहेत की आजारी, यांपैकी काही कळत नाही. डीएनए पाण्यात काही दिवसांत ते काही आठवड्यांत विघटित होतो, आणि नमुना घेणाऱ्याचेच साहित्य अस्वच्छ असेल, तर शेजारच्या तळ्यातला बेडूक या तळ्यात ‘सापडतो’. ही पद्धत फेऱ्यांची जागा घेत नाही. कुठे जास्त फेऱ्या करायच्या ते सांगते.

सर्वेक्षण किती वर्षे चालवावे?

एका वर्षाच्या सर्वेक्षणाने जात तिथे आहे, हे सिद्ध करता येते. संख्या घटते आहे की वाढते आहे, हे सांगता येत नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातील रेनबो बे या हंगामी पाणथळ जागेवर १९७८ पासून उभयचरांची मोजणी सुरू झाली आणि तिथे असे दिसले, की पावसाच्या लहरीनुसार एखाद्या वर्षी हजारो पिल्ले बाहेर पडतात, तर एखाद्या वर्षी एकही नाही. एवढा चढउतार स्वाभाविक असताना दोन वर्षांच्या आकड्यांवरून ओरड करणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही धोक्याचे आहे.

पण थांबून पाहण्यालाही मर्यादा आहे. कोस्टा रिकातील मोंतेवेर्दे येथे १९८७ मध्ये दीड हजारांहून अधिक सोनेरी भेक डबक्यांभोवती जमले होते. १९८९ मध्ये एकच नर दिसला आणि त्यानंतर ती जात कोणालाही दिसली नाही. त्यामुळे दीर्घकालीन मोजणी चालू असतानाही मेलेले किंवा सुस्त बेडूक, लाल पडलेले पोट किंवा मांड्या, कातडीचे पापुद्रे अशी लक्षणे दिसली, तर वर्षअखेरची वाट न पाहता संबंधित वन्यजीव विभागाला त्याच दिवशी कळवावे आणि मृत बेडूक कसे जपून ठेवायचे, ते त्यांनाच विचारावे.

सापडलेल्या जागेची माहिती सर्वांना सांगावी का?

नेमके स्थान सांगू नये. दुर्मीळ बेडकांची तस्करी होते आणि उत्साही छायाचित्रकारांच्या पायांनीही काठ तुडवला जातो. अधिकृत नोंदीत अक्षांश-रेखांश पूर्ण द्यावेत. सार्वजनिक ठिकाणी ते मोठ्या चौकटीत धूसर करावेत आणि छायाचित्रातून स्थानाची माहिती काढून टाकावी.

सर्वेक्षकांच्या सुरक्षिततेसाठी काय पाहावे?

एकट्याने जाऊ नये, आणि परतण्याची वेळ कोणाला तरी सांगून निघावे. गाळाची खोली काठीने चाचपल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. बेडूक असतात तिथे साप येतात, म्हणून गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत आणि हात घालण्यापूर्वी जागा प्रकाशात पाहावी. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

तळे आटत असेल किंवा बुजवले जाणार असेल, तर बेडूक दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडावेत का?

स्वतःच्या निर्णयाने कधीही सोडू नयेत. नव्या तळ्यात ही जात आज का नाही, याचे उत्तर मिळाल्याशिवाय तिथे नेलेले बेडूक बहुधा त्याच कारणाने मरतात. आणि तिथे आधीच बेडूक असतील, तर सोबत रोग नेण्याचा धोका असतो. स्पेनच्या मायोर्का बेटावरील दुर्मीळ सुईण भेकाच्या बाबतीत असेच घडले. बंदिस्त जागी वाढवून बेटावर सोडलेल्या भेकांबरोबर कायट्रिड बुरशी तिथे पोहोचली, आणि ती हटवण्यासाठी पुढे टॅडपोलवर औषधोपचार करून डबकी निर्जंतुक करावी लागली. याउलट इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात संपलेला उत्तरेकडील डबके-बेडूक २००५ पासून स्वीडनमधून आणून पुन्हा वसवण्यात आला, पण त्याआधी तो मुळात तिथलाच होता, हे जुन्या हाडांच्या, जनुकांच्या आणि सादींच्या पुराव्यांवरून निश्चित करण्यात आले होते.

तळे नैसर्गिक चक्रानुसार आटत असेल, तर हस्तक्षेपाची गरज नसते, कारण प्रौढ बेडूक पुढच्या हंगामापर्यंत जमिनीत दबा धरून राहतात. तळे बुजवण्याचा प्रस्ताव असेल, तर बादली उचलण्याऐवजी फेऱ्यांच्या तारखा, शोधाचे तास, पाण्याची पातळी आणि छायाचित्रे यांसह केलेली नोंद मुदतीच्या आत परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे लेखी सादर करावी आणि तिची पोच घ्यावी.